परभणीच्या माळ्यावरची अमेरिकन गादी

गेल्या अंकात याच पानावर मी चार ओळी खरडल्या होत्या. फोमनं लवकर पेट घेऊ नये म्हणून त्यात जी ज्वालारोधक रसायनं घालतात, ती फोममध्ये गप्प बसून राहत नाहीत; धुळीत उतरतात आणि रांगत्या लेकराच्या तोंडात जातात, एवढंच. त्यावर इतकी पत्रं येतील असं वाटलं नव्हतं. पाच घेतली आहेत. पहिल्याचं उत्तर लांबलंय, कारण त्या आजींनी सोबत फोटो पाठवला आणि फोटोत एक चिठ्ठी होती. एकतीस वर्षं कॉलेजात रसायनशास्त्र शिकवल्यावर बाटलीवरची असो की गादीवरची, चिठ्ठी दिसली की वाचल्याशिवाय राहवत नाही.

मॅडम, माझा मुलगा सॅन होजेला असतो. त्याच्या मोठ्याचा जन्म २००८ चा, तेव्हा मी सहा महिने तिकडं होते. परत येताना सुनेनं लंगोट बदलायची फोमची गादी आणि दूध पाजताना मांडीवर घ्यायची उशी बॅगेत घातली. तेव्हा धाकटी दहावीला होती. एवढी चांगली वस्तू टाकवत नाही, म्हणून माळ्यावर ठेवली. आता धाकटी बाळंतपणाला आलीय. परवा गादी काढून उन्हात टाकली तर खालच्या अंगाला पांढरी चिठ्ठी निघाली. जावई म्हणतात, सरकारी तपासणी झालेला माल आहे, बिनधास्त वापरा. तुमचं वाचून माझं मन धजेना. — एक आजी, परभणी

काकू, जावयांनी वाचलं बरोबर, पण त्या तपासणीत काळजी गादीची होती, बाळाची नव्हती.

चिठ्ठीवरच्या इंग्रजीचा अर्थ असा: ही वस्तू कॅलिफोर्नियाच्या टेक्निकल बुलेटिन ११७ च्या ज्वलनशीलतेच्या अटींत बसते, तरी उघडी ज्योत आणि पेटती सिगारेट यांच्यापासून जपा. हे बुलेटिन म्हणजे त्या राज्याचा आगीविषयीचा नियम, १९७५ चा. परीक्षा साधी होती. आतल्या फोमचा नुसता तुकडा घ्यायचा, त्याला बारीक ज्योत बारा सेकंद लावायची आणि तो तग धरतो का बघायचं. पॉलियुरेथेन फोम मुळात खनिज तेलाच्या घराण्यातला, वर पोटात हवाच हवा. तो अशा परीक्षेत पास कसला होतोय? मग कारखानदारांनी स्वस्तातला उपाय काढला. फोम फुलवतानाच त्यात ब्रोमीनचं नाहीतर क्लोरीनचं रसायन मिसळायचं. चिमूटभर नाही, वजनाच्या काही टक्के. नियम एकाच राज्याचा होता, पण एका राज्यापुरता वेगळा माल काढत कोण बसणार? तसलाच फोम अमेरिकाभर गेला, आणि एक तुकडा तुमच्या बॅगेतून परभणीला आला.

आता खरी गोम. हे रसायन फोमला जोडलेलं नसतं, नुसतं मिसळलेलं असतं. शेंगापोळीचा डबा दुसऱ्या दिवशी उघडला की खालचा कागद तेलकट झालेला असतो ना, तसंच. पोळी होती तशीच दिसते, तेल मात्र कागदावर उतरलेलं असतं. फोम जुना झाला, चुरा व्हायला लागला, की हे उतरणं आणखी सोपं. ते धुळीला चिकटतं, धूळ फरशीवर बसते, आणि फरशीवर आपल्या घरात कोण असतं?

गेल्या उन्हाळ्यात माझ्या भाचीचं दहा महिन्यांचं लेकरू आमच्याकडं अंबाजोगाईला होतं. एका दुपारी कूलर लावून मी नुसती बघत बसले. शहाबादी फरशीच्या सांधीत ज्वारीचा दाणा अडकला होता. तो काढायला त्यानं बोट घातलं, दाणा निघेना, बोट तोंडात. मग बाजेचा पाय धरून उभं राहिलं, खाली आपटलं, रडलं, मूठ तोंडात. मग माझी चप्पल. पाऊण तासात सव्वीस वेळा हात तोंडात गेला, पुढं मीच मोजायचं सोडलं. मोठ्या माणसाच्या पोटात धूळ जाते त्याच्या कितीतरी पट लेकराच्या पोटात जाते ती अशी, आणि त्याचं वजन असतं आठ-नऊ किलो.

अमेरिकेत २०११ साली बाळांच्या फोमच्या १०१ वस्तू तपासल्या गेल्या. मांडीवरच्या उशा, लंगोट बदलायच्या गाद्या, कार सीट, लहान पाळण्यांच्या गाद्या असं सगळं त्यात होतं. ८० टक्क्यांत ही रसायनं निघाली. सगळ्यांत जास्त वेळा सापडलं ते क्लोरिनेटेड ट्रिस. या ट्रिसचं पुराण सांगायलाच हवं.

सत्तरच्या दशकात तिकडं मुलांच्या रात्रीच्या कपड्यांनी पेट घेऊ नये असा नियम झाला आणि कापडात ब्रोमीनवालं ट्रिस घालायला सुरुवात झाली. १९७७ च्या जानेवारीत अर्लीन ब्लम आणि ब्रूस एम्स या दोघांनी 'सायन्स' नियतकालिकात लिहिलं की हे रसायन पेशींतल्या जनुकांत बिघाड करतं, कर्करोगाचा धोका आहे. त्याच वर्षी कपड्यांत त्यावर बंदी आली. पुढच्या वर्षी तर ते कपडे घालून झोपलेल्या मुलांच्या लघवीत त्याचा अंश सापडल्याचं छापून आलं. मग उरलेल्या मालाचं काय? तो परदेशी जायला लागला, आणि १९७८ साली निर्यातीवरही बंदी घालावी लागली. इकडं ब्रोमीनवाल्याच्या जागी क्लोरीनवालं ट्रिस आलं. तेही संशयात सापडलं तेव्हा कपड्यांतून गेलं खरं, पण फोममध्ये निवांत राहिलं. तेच हे, तुमच्या गादीच्या काळातलं. गादी प्रयोगशाळेत न नेता त्यात नेमकं कोणतं आहे ते मी छातीठोक सांगणार नाही, पण २००८ ची फोमची वस्तू आणि त्यावर नुसतं '११७', एवढं मला पुरे आहे.

दुसरं मोठं घराणं पीबीडीई या ब्रोमीनवाल्या ज्वालारोधकांचं. यांचा रेणू थायरॉइडच्या संप्रेरकाशी मिळताजुळता असतो, आणि पोटातल्या बाळाचा मेंदू घडायला तेच संप्रेरक लागतं. कॅलिफोर्नियाच्या सॅलिनास खोऱ्यात शेतमजूर बायांच्या मुलांचा वर्षानुवर्षं मागोवा घेतला गेला. गरोदरपणी आईच्या रक्तात हे जास्त, तर सात वर्षांच्या लेकराचं लक्ष कमी टिकतं, बुद्ध्यंक खाली, असं दिसलं. हे एका लेकराबद्दलचं भाकीत नव्हे, शेकड्यांनी मुलं तपासल्यावर दिसणारा कल आहे. म्हणून सुनेला फोन करून घाबरवू नका. तिनं दुकानात मिळत होतं ते घेतलं.

तुमच्या चिठ्ठीवर '११७-२०१३' असतं तर गोष्ट वेगळी होती. नव्या बुलेटिनात उघडी ज्योत काढून टाकली आणि वरच्या कापडाची धुमसण्याची परीक्षा आली. तीत रसायन न घालताही पास होता येतं. २०१५ पासून तिथल्या सोफ्यांसारख्या गादीदार फर्निचरच्या चिठ्ठीवर दोन चौकोनही आले: ज्वालारोधक रसायन घातलंय, घातलेलं नाही. एकावर खूण हवीच. असा चौकोन मी आपल्याकडच्या एकाही गादीवर अजून पाहिलेला नाही.

तेव्हा गादी नको. उशीवर तीच चिठ्ठी असेल तर उशीही नको. लंगोट बदलायला जुन्या सुती लुगड्याची दोन थरांची वाकळ आणि वर रबरी कापड, तुम्हाला हे मी शिकवायची गरज नाही.

गेल्या अंकातलं वाचून राग आला. आमच्या गल्लीत दिव्यानं नायलॉनची मच्छरदाणी पेटली आणि दोन वर्षांचं पोर भाजलं. आग रोखणारं काही असेल तर ते घालू नका म्हणणारे तुम्ही कोण? — एक वाचक, लातूर

दादा, राग समजतो. पोराची तब्येत आता कशी आहे ते कळवा.

पण मच्छरदाणी पेटली ती दिव्यानं, आणि ज्या रसायनांबद्दल मी लिहिलं ती असतात गादीच्या पोटात. घरातली आग तिथून सुरू होत नाही. आधी कापड पेटतं, मच्छरदाणी, पदर, पडदा. त्या ज्वाळा फोमपर्यंत पोचतात तेव्हा त्या बारा सेकंदांच्या बारीक ज्योतीच्या कितीतरी मोठ्या असतात. तिथं हे रसायन फारसं कामाला येत नाही. उलट ब्रोमीन-क्लोरीनवाला फोम जळताना धूर जास्त करतो, कार्बन मोनॉक्साइड जास्त सोडतो, आणि आगीत माणसं बहुतेक वेळा धुरानंच जातात.

हा तुमच्यासारखाच प्रश्न कॅलिफोर्नियाच्या विधिमंडळातही विचारला गेला होता. २०११ मध्ये एका नामांकित भाजतज्ज्ञ डॉक्टरांनी साक्ष दिली की रसायन नसलेल्या उशीवर झोपलेलं सात आठवड्यांचं बाळ मेणबत्तीनं भाजून गेलं. ऐकणाऱ्याचं काळीज हलावं अशीच साक्ष. पुढच्या वर्षी शिकागो ट्रिब्यूनच्या बातमीदारांनी नोंदी उपसल्या, तर असं बाळ कुठं सापडलंच नाही. ज्या 'नागरिकांच्या' संस्थेच्या बाजूनं ही साक्ष होती, तिला पैसा पुरवणारे निघाले ही रसायनं बनवणारे तीन मोठे उत्पादक. तुमच्या गल्लीतलं पोर खरं आहे, म्हणूनच त्याच्या नावावर असला माल खपवला जाऊ नये असं मला वाटतं.

दिवा पाण्याच्या ताटलीत ठेवा. लेकराच्या अंगात नायलॉनचे सैल झगे नकोत, अंगाबरोबर बसणारे सुती कपडे बरे. अगरबत्ती, डासांची कॉइल बाजेखाली सरकवायची आपली सवय वाईट आहे, ती मोडा.

आमचं गादी-उशीचं दुकान आहे. वडील कापूस पिंजायचे, आता निम्मं गिऱ्हाईक फोम मागतं. परवा एकानं लेकरासाठी "फायरप्रूफ फोम" मागितला. द्यावा का? आणि फोममध्ये ते औषध आहे का, हे घरच्या घरी कळतं का? — एक गादीवाले, नांदेड

लेकरासाठी देऊ नका. "फायरप्रूफ" हा शब्द लेकराच्या वस्तूवर दिसला की मी दोन पावलं मागं येते.

घरच्या घरी कळत नाही, आणि याची फजिती मी स्वतः केलेली आहे. आमच्याकडं प्रॅक्टिकलला एक जुनी चाचणी असते, बाइलस्टाइन चाचणी. तांब्याची तार बर्नरवर लाल करायची, नमुन्याला टेकवायची, पुन्हा ज्योतीत धरायची. हॅलोजन असेल, म्हणजे क्लोरीन किंवा ब्रोमीन, तर ज्योत हिरवी होते. मी माझ्याच दिवाणावरच्या गादीचा कोपरा कापला आणि कॉलेजात एका तरुण सहकारिणीला फ्यूम कपबोर्डमध्ये, म्हणजे धूर ओढून घेणाऱ्या कपाटात, करून बघायला सांगितलं. ज्योत अशी हिरवीगार झाली की पोपट लाजावा. मी तिथंच स्टुलावर बसले, बारा वर्षं या गादीवर झोपतेय म्हणून. त्या पोरीनं शांतपणे विचारलं, मॅडम, तुकड्याला रेक्झिन चिकटलंय का? चिकटलं होतं. रेक्झिन म्हणजे पीव्हीसी, त्यात क्लोरीन असणारच. नुसता फोम लावला तर ज्योत पिवळीची पिवळी. पहिल्या वर्षाच्या पोरांना ज्या चुकीचे मी गुण कापत आले, तीच केली.

तेव्हा हा खेळ दुकानात करू नका. त्या धुरात नको ते असतं, आणि उत्तरही भरवशाचं मिळत नाही. त्यापेक्षा फोम पुरवणाऱ्याकडं लेखी मागा: यात ज्वालारोधक रसायन घातलंय का, घातलं असेल तर कोणतं. टाळाटाळ झाली तर तेही उत्तरच. रंगीबेरंगी ठिकऱ्या चिकटवून केलेला रिबॉन्डेड फोम लेकरासाठी अजिबात नको, कारण त्यातली कोणती ठिकरी कुठल्या सोफ्यातून, कुठल्या देशातून आली ते तुमच्या पुरवठादारालाही ठाऊक नसतं. जुना फोम सोलताना, कापताना तोंडाला फडकं बांधा आणि जेवायच्या आधी हात साबणानं धुवा. तुमच्या धंद्यात ही धूळ गिऱ्हाइकाच्या आधी तुमच्या अंगावर बसते.

आणि वडिलांचं पिंजण अजून असेल तर गिऱ्हाइकाला कापसाची गादी दाखवा तरी. कापूसही पेटतो, हे लपवू नका. दिव्यापासून लांब ठेवायचीच. पण तान्ह्याला तशीही पातळ, घट्ट गादी लागते. मऊ फोममध्ये नाक रुतण्याची भीती वेगळीच.

माळेगावच्या जत्रेतून लेकीला काळ्या प्लास्टिकची गाडी आणली. ती दिवसभर चावते. काळ्या प्लास्टिकमध्ये विष असतं असं मोबाइलवर येतंय. सरकारनं यावर बंदी घातलीय का? — एक बाप, बीड

मोबाइलवर जे फिरतंय त्याच्या मुळाशी काळ्या चमच्यांवरचा २०२४ चा एक अभ्यास आहे, आणि त्यात शून्याची चूक होती. माणसाच्या वजनाच्या किलोमागं चालणारी रोजची मात्रा ७,००० नॅनोग्रॅम आणि वजन ६० किलो; ७,००० गुणिले ६० हे त्यांनी ४२,००० केलं होतं, ते ४,२०,००० हवं. म्हणजे धोक्याची रेषा दहा पट जवळ दिसत होती. पुढं दुरुस्ती छापली गेली. गुणाकार कुणाचाही चुकतो, पण मूळ गोष्ट खरी राहते: जुन्या टीव्ही-कॉम्प्युटरच्या काळ्या खोक्यांत ही ब्रोमीनवाली रसायनं भरपूर असत, ती खोकी वितळवून नवं काळं प्लास्टिक होतं, आणि त्याची खेळणीही होतात. काळंच का, तर भंगाराचे सगळे रंग काळ्यात लपतात.

बंदीचं सांगते. स्टॉकहोम करार म्हणून एक आंतरराष्ट्रीय करार आहे, आपण त्यात २००६ पासून आहोत. त्यानं २००९ मध्ये पेंटा आणि ऑक्टा या पीबीडीईंना यादीत घातलं, २०१३ मध्ये एचबीसीडी या आणखी एका ब्रोमीनवाल्या ज्वालारोधकाला, २०१७ मध्ये डेका या तिसऱ्या पीबीडीईला. आपल्याकडं २०१८ च्या मार्चमध्ये नियम निघाले आणि सात रसायनांवर बंदी आली. पेंटा, ऑक्टा, एचबीसीडी त्या सातांत आहेत, डेका नाही. इलेक्ट्रॉनिक वस्तूंसाठी ई-कचऱ्याच्या नियमांत पीबीडीईला ०.१ टक्क्याची मर्यादा आहे. पण तुमची गाडी इलेक्ट्रॉनिक वस्तू नाही, ती वस्तू वितळून झालेलं खेळणं आहे. करारातही पेंटा-ऑक्टावाल्या जुन्या मालाच्या पुनर्वापराला २०३० पर्यंत सवलत ठेवलेली आहे. ही सवलत मला कधीच पटली नाही.

आणि नावानिशी बंदीतली अडचण अशी की नाव बदललं की गडी सुटला. १९७३ साली अमेरिकेच्या मिशिगन राज्यात एक भयंकर घोळ झाला. एकच कंपनी 'न्यूट्रिमास्टर' नावाचं जनावरांच्या खाद्यात घालायचं पूरक आणि 'फायरमास्टर' नावाचं ज्वालारोधक बनवायची. पोत्यांची अदलाबदल झाली आणि सरकी-पेंडीत मिसळावं तसं फायरमास्टर गायींच्या खाद्यात गेलं. तीसेक हजार जनावरं आणि पंधरा लाखांच्या आसपास कोंबड्या नष्ट कराव्या लागल्या, तोवर दूध, मांस, अंडी लोकांच्या पोटात गेलेली होती. ते रसायन बंद झालं. त्याच्या जागी पीबीडीई आली. पेंटा तिकडं २००४ च्या अखेरीला बंद झालं, तेव्हा फोमसाठी जे नवं आलं त्याचं नाव काय असावं? फायरमास्टर ५५०. आतला माल वेगळा, पण ब्रोमीन होतंच.

म्हणून मला नावानं नव्हे, आडनावानं बंदी हवी. कॅलिफोर्नियानं २०१८ मध्ये तसा कायदा केला, १ जानेवारी २०२० पासून लागू: लेकरांच्या वस्तू, गाद्या, गादीदार फर्निचर यांत हॅलोजनवाली, फॉस्फरसवाली, नायट्रोजनवाली अशी कुळंच्या कुळं ज्वालारोधक म्हणून हजारात एका भागापेक्षा जास्त चालणार नाहीत. अमेरिकेच्या ग्राहक सुरक्षा आयोगानंही २०१७ मध्ये उत्पादकांना सगळं हॅलोजन घराणं मुलांच्या वस्तूंतून टाळायला सांगितलं. तिथल्या शास्त्रज्ञांच्या समितीनं २०१९ मध्ये म्हटलं की सगळ्यांना एकाच दावणीला बांधता येणार नाही, पण चौदा गट करून तपासता येतील. चौदा तर चौदा. एकेक नाव धरून वाट बघण्यापेक्षा लाख पटीनं बरं.

गाडीचं म्हणाल तर लेकीला चावायला देऊ नका. १ जानेवारी २०२१ पासून खेळण्यांवर आयएसआय खूण बंधनकारक आहे. भारतीय मानक ब्युरोच्या बीआयएस केअर ॲपवर परवाना क्रमांक टाकला की खरी-खोटी कळते. त्या तपासणीत पेट घेण्याची, शिशासारख्या धातूंची, प्लास्टिक मऊ करणाऱ्या थॅलेट रसायनांची परीक्षा असते. जत्रेत ती खूण शोधणं म्हणजे गवताच्या गंजीत सुई, हे मलाही कळतं. मग लाकडी भिंगरी घ्या, मातीची चूल-बोळकी घ्या.

मुलासाठी कार सीट घेतलीय. त्यातही हा फोम असेल. ठेवू की परत करू? — एक आई, छत्रपती संभाजीनगर

ठेवा आणि रोज वापरा. गाडीच्या आतल्या सामानाला पेट न घेण्याचा वेगळा नियम असतो, अमेरिकेत १९७२ पासून, आपल्याकडं आयएस १५०६१ हे भारतीय मानक, त्यामुळे रसायन असू शकतं. पण जालना रोडवर ब्रेक लागला तर मांडीवरचं लेकरू धरून ठेवण्याइतके हात कुणाचेच बळकट नसतात. त्यात बसवून घरात झोपवू नका, गाडी उन्हात उभी असेल तर आधी काचा खाली करा, उतरल्यावर त्याचे हात धुवा. घरात कोरडा झाडू मारून धूळ उडवण्यापेक्षा ओल्या फडक्यानं फरशी पुसा. अंबाजोगाईच्या पाणीटंचाईत मी अर्ध्या बादलीत दोन खोल्या पुसते, जमतं.

ता. क. हे पान छपाईला जाता जाता परभणीच्या काकूंचा फोन आला. गादी होळीत टाकू का, म्हणाल्या. मी जवळजवळ ओरडलेच. जाळायची नाही काकू, आणि "कामवालीच्या नातवाला होईल" म्हणून द्यायचीही नाही. मोठ्या पिशवीत घालून तोंड गच्च बांधा, घरगुती घातक कचरा असं लिहा आणि घंटागाडीवाल्याच्या हातात वेगळी द्या. त्या म्हणाल्या, तो विचारील की गादीत घातक काय आहे. मी म्हटलं, ती चिठ्ठी दाखवा.